बाबांच्या कॉम्प्युटरवर तेच अपडेट रोज येतं आणि रोज मागे फिरतं

सदाशिवपेठी_लेक | १३ जुलै २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेला महिनाभर आमच्या घरात एकच विषय चालू आहे, म्हणून इथे मदत मागतेय.

बाबा ७६ वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर ते मोडी शिकले आणि गेली चौदा वर्षं जुन्या घरांमधल्या कागदांचं लिप्यंतर करतात. कोणाचं गहाणखत असतं, कोणाच्या पणजोबांची जमाखर्चाची वही. रोज संध्याकाळी पाच ते साडेसात ते कॉम्प्युटरवर बसतात. असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, सहाव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम. २०२० साली भावाने त्यात १२० जीबीची एसएसडी घातली. विंडोज १० आहे.

होतं असं की संध्याकाळी बाबा मशीन चालू करतात, तर निळा पडदा येतो. टक्के हळूहळू चढतात, मध्येच थांबतात, मग ‘बदल पूर्ववत करत आहोत, कॉम्प्युटर बंद करू नका’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. यात कधी अर्धा तास जातो, कधी पाऊण. मग डेस्कटॉप दिसतो आणि थोड्या वेळाने तेच अपडेट पुन्हा हजर. ते डाऊनलोड होतं, रिस्टार्ट मागतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. अडीच तासांतला पाऊण तास रोज असा जातोय, आणि बाबा काही बोलत नाहीत, नुसते चष्मा काढून बसून राहतात. मला तेच बघवत नाही.

जवळच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला तर न बघताच म्हणाला, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ बाबांच्या निम्म्या फाईली जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट गेला तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसतो. त्यामुळे फॉरमॅट हा शब्द ऐकूनच त्यांचा चेहरा उतरला.

फॉरमॅट न करता यातून वाट आहे का?

---

मठ्ठा_जिलबी | १३ जुलै, रात्री १०.०५

सरळ अपडेट बंद करून टाका. सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज अपडेट’ शोधा, त्यावर डबल क्लिक, स्टार्टअप टाइप ‘डिसेबल्ड’. माझ्या दुकानातल्या बिलिंगच्या मशीनवर मी हेच केलंय. ताईंच्या बाबांना फक्त टायपिंग करायचंय, त्यांना अपडेट हवंय कशाला?

---

नळस्टॉप | १३ जुलै, रात्री १०.३२

मठ्ठा_जिलबी, माफ करा, पण हा सल्ला मी कोणालाच देणार नाही, आणि तुमच्या बिलिंगच्या मशीनसाठी तर मुळीच नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर आलं तेव्हा जगभरात लोकांच्या फाईली कुलूपबंद झाल्या. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट १४ मार्चला, म्हणजे दोन महिने आधीच आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते सापडले. चौदा वर्षांचं काम ज्या डिस्कवर आहे तिच्यावरचं अपडेट बंद ठेवायचं नसतं.

शिवाय ती सर्व्हिस बंद केली तरी विंडोज ती पुन्हा चालू करू शकतं. म्हणजे दुखणं तसंच राहणार.

ताई, तुम्ही लक्षणं छान सांगितलीत, पण आजाराचं नाव अजून कळलेलं नाही. तीन गोष्टी बघून सांगा.

पहिली, स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ टाइप करून जी खिडकी उघडेल तिच्यातली आवृत्ती. दुसरी, सी ड्राइव्हवर मोकळी जागा किती. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, आणि तिथे ‘व्ह्यू अपडेट हिस्टरी’. फसलेल्या प्रत्येक अपडेटखाली ‘फेल्ड टु इन्स्टॉल’ आणि शेजारी शून्य-एक्सने सुरू होणारा कोड असतो. तो जसाच्या तसा लिहा. कोड न वाचता फॉरमॅट सांगणं म्हणजे ताप न मोजता ऑपरेशन सांगण्यासारखं आहे.

---

सदाशिवपेठी_लेक | १४ जुलै, रात्री ८.५०

आज ऑफिसमधून थेट बाबांकडे गेले. आवृत्ती २२एच२. सी ड्राइव्हवर १११ जीबीपैकी ९ जीबी मोकळी.

हिस्टरीमध्ये नावाआधी ‘२०२५-०६’ असं लिहिलेलं क्युम्युलेटिव्ह अपडेट सात वेळा फसलेलं दिसतंय. कोड प्रत्येक वेळी एकच, ०एक्स८०२४२०१४. आणि आज अपडेटच्या मुख्य पानावर लाल अक्षरांत वेगळाच कोड होता, ०एक्स८००७२एफ८एफ. मी ‘रिट्राय’ दाबलं तेव्हा तो गेला आणि डाऊनलोड सुरू झालं.

---

खडकवासला | १४ जुलै, रात्री ९.१५

९ जीबी काठावरची जागा आहे. या मोठ्या अपडेटना फाईली उघडून मांडायला जागा लागते, आणि जुन्या फाईली परत फिरण्यासाठी जपून ठेवायला आणखी. आधी डिस्क क्लीनअप चालवा आणि त्यात ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ निवडा. बाबांचे स्कॅन केलेले फोटो सीवर असतील तर ते बाहेरच्या डिस्कवर हलवा.

मग कमांड प्रॉम्प्टवर उजवं क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. आधी डिस्मची रिस्टोअरहेल्थ कमांड चालवा. ती विंडोजचा स्वतःचा मूळ फाईलींचा साठा तपासून दुरुस्त करते. नंतर एसएफसी, जागा, तिरकी रेघ, स्कॅननाऊ. ही त्या साठ्यातून वापरातल्या फाईली दुरुस्त करते. क्रम उलटा करू नका. साठाच खराब असेल तर त्यातून दुरुस्ती कसली होणार?

शेवटी अर्धवट डाऊनलोड काढून टाकायचं. सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राऊंड इंटेलिजंट ट्रान्सफर’ या दोन्ही थांबवा, सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन’ नावाचं फोल्डर आहे त्यातल्या ‘डाऊनलोड’ फोल्डरचं नाव बदला, मशीन रिस्टार्ट करा. विंडोज ते फोल्डर नव्याने बनवतं.

---

दुपारचा_चहा | १५ जुलै, सकाळी ७.२०

एक शंका. पेठेत गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते ना? हे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. म्हणजे बाबांच्या मशीनवर ते बुधवारी संध्याकाळी पोचणार आणि गुरुवारी लावलं जाणार. नेमकं तेव्हाच लाईट जात असेल तर अपडेट अर्धवट राहून मागे फिरेल.

---

सदाशिवपेठी_लेक | १५ जुलै, सकाळी ९.०२

दुपारचा_चहा, मलाही क्षणभर हेच असेल असं वाटलं. पण हिस्टरीत सोमवारही आहे, शनिवारही आहे. आणि गुरुवारी लाईट गेली तरी बाबा बसतात त्या वेळेपर्यंत ती आलेली असते. त्यामुळे ते नसावं.

---

सदाशिवपेठी_लेक | १६ जुलै, रात्री १०.१०

खडकवासला यांनी सांगितलेलं सगळं काल केलं. फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले, क्लीनअप केलं, आता ३१ जीबी मोकळी आहे. डिस्मला वीसेक मिनिटं लागली, ते ६२ टक्क्यांवर बराच वेळ अडकलं होतं पण पुढे गेलं. एसएफसी म्हणालं काही फाईली खराब होत्या, दुरुस्त केल्या. फोल्डरचं नाव बदललं. अपडेट नव्याने डाऊनलोड झालं आणि मी समाधानाने घरी आले.

आज संध्याकाळी बाबांचा फोन. पुन्हा निळा पडदा, पुन्हा मागे.

खरं सांगते, आज डोळ्यांत पाणी आलं. काल चार तास त्या खुर्चीत बसले होते.

---

नळस्टॉप | १६ जुलै, रात्री १०.४५

ताई, कालचं काम वाया गेलेलं नाही. जागा नाही आणि फाईली खराब आहेत, ही दोन कारणं आता बाद झाली. उरलेलं क्षेत्र लहान झालंय.

तुमचे दोन कोड मी पुन्हा नीट पाहिले. ०एक्स८०२४२०१४ म्हणजे ‘रिस्टार्टनंतरचं काम अजून पुरं झालेलं नाही’. अपडेट दोन टप्प्यांत लागतं. मशीन बंद होताना एक भाग, पुन्हा चालू होताना दुसरा. तुमच्याकडे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी दोरा तुटतोय. विंडोज अर्धं जुनं, अर्धं नवं अशा अवस्थेत चालू व्हायला तयार नसतं, म्हणून सगळं होतं तसं करून ठेवतं. तो निळा पडदा म्हणजे ते नीट मागे फिरण्याचं काम. त्यामुळे मशीन बिघडलेलं नाही, ते स्वतःला वाचवतंय.

दुसरा कोड, ०एक्स८००७२एफ८एफ, हा बहुतेक वेळा घड्याळाचा असतो. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते. कॉम्प्युटरची तारीख चुकीची असेल तर प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं त्याला वाटतं आणि जोडणी नाकारली जाते.

हिस्टरीचं पान अगदी तळापर्यंत खाली सरकवून बघाल का? आणि तिथल्या तारखा सांगा.

---

सदाशिवपेठी_लेक | १७ जुलै, दुपारी १.३०

भावाला फोन करून बाबांकडे पाठवलं, त्याने फोटो काढून पाठवलाय. ‘२०२५-०६’ च्या ओळींवर जूनच्या तारखा आहेत, त्या बरोबर आहेत. पण यादीच्या पार तळाशी ‘२०२५-०७’ च्या पाच ओळी आहेत, आणि त्या पाचही ओळींवर तारीख आहे १ जानेवारी २०१६!

जुलै २०२५ चं अपडेट २०१६ साली कसं फसेल?

---

तिसरा_मजला | १७ जुलै, दुपारी २.०५

सापडलं बहुतेक. मी हार्डवेअरचं काम करते, असे डेस्कटॉप आठवड्याला दोन-चार तरी हातांखालून जातात.

मदरबोर्डवर नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर२०३२. वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, नावातच माप आहे. वीज नसताना घड्याळ आणि बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, मांडणी तो जिवंत ठेवतो. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ बोर्डाच्या मूळ तारखेवर जातं. प्रत्येक बोर्डाची ती तारीख वेगळी, तुमच्या बोर्डाची १ जानेवारी २०१६ दिसतेय. निळा पडदा मागे फिरण्याचं काम संपवतो तेव्हा घड्याळ त्या तारखेवर असतं, म्हणून नोंदही त्याच तारखेची होते. जूनमध्ये सेलमध्ये थोडा जीव होता, जुलै लागेपर्यंत तो गेला.

पण हे अर्धंच उत्तर आहे. सेल मेलेला असला तरी कॅबिनेटला भिंतीवरच्या बोर्डावरून वीज मिळत असेल तर घड्याळ त्या विजेवर चालू राहतं. तारीख रोज पुसली जातेय, म्हणजे तुमच्याकडे वीज रोज पूर्ण तुटतेय. आणि जूनमध्ये तारखा बरोबर असतानाही अपडेट फसतच होतं.

तेव्हा माझा प्रश्न एकच आहे. बाबा काम संपल्यावर कॉम्प्युटर नेमका कसा बंद करतात? त्यांना विचारू नका. शेजारी बसा आणि बघा, माउस हलवण्यापासून खोलीचा दिवा मालवेपर्यंत.

---

सदाशिवपेठी_लेक | १९ जुलै, रात्री ९.५५

आज शनिवार, दुपारीच गेले. चहा घेतला आणि नुसती शेजारी बसले. जे दिसलं ते सगळं लिहिते.

पाचला बाबांनी भिंतीच्या बोर्डावरचं मोठं बटण दाबलं, मग स्पाइक बस्टरचं, मग कॅबिनेटचं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आल्या, त्यांनी न वाचताच एफ१ दाबलं. मी विचारलं, हे काय? म्हणाले, ‘रोज येतं, एफ१ दाबलं की पुढचं पान येतं, त्यातून बाहेर पडलं की झालं.’ मग निळा पडदा. मग डेस्कटॉप. उजव्या कोपऱ्यात १ जानेवारी २०१६. बाबांनी शांतपणे भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, दिनदर्शिकेत बघितलं आणि तारीख-वेळ हाताने लावली. रोज लावतात. आजोबा दर रविवारी लंबकाच्या घड्याळाला किल्ली द्यायचे, त्याच शिस्तीने. एखाद्या दिवशी राहिलं की मग तो लाल कोड येत असणार.

साडेसातला फाईल सेव्ह केली, पेन ड्राइव्हवर प्रत घेतली. स्टार्टमध्ये जाऊन ‘अपडेट अँड शट डाऊन’ निवडलं. क्लिक केलं आणि दुसऱ्या क्षणी मॉनिटरचं बटण दाबून मॉनिटर बंद केला, कारण काम संपलं. त्यावर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कापड घातलं. चष्मा डबीत ठेवला. आणि मग खाली वाकून आधी स्पाइक बस्टर, मग बोर्डावरचं बटण बंद. क्लिक केल्यापासून मी मनात मोजत होते, एका मिनिटाच्या आत. कॅबिनेटचा पंखा घरघरत होता, तो एकदम गप्प झाला.

‘कॉम्प्युटर बंद करू नका’ ही ओळ मॉनिटरवर येत होती, पण तोवर मॉनिटर कापडाखाली गेलेला असायचा. बाबांनी ती बंद होताना कधी पाहिलेलीच नाही.

मी विचारलं, बाबा, बटण लगेच का बंद करता? तर म्हणाले, ‘मागे वीज कडाडली तेव्हा मॉडेम जळला होता ना. सगळे कागद यात आहेत. रात्रभर वीज चालू ठेवून कसं चालेल?’

मंडळी, महिनाभर मी मनात मशीनला आणि थोडं बाबांनाही दोष देत होते. ते तर त्या मशीनला तळहातावर जपत होते.

---

तिसरा_मजला | १९ जुलै, रात्री १०.२०

तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत की आता काही शोधायचं उरलेलं नाही.

एकाच बटणाने दोन्ही दुखणी दिली आहेत. ते लगेच बंद होतं म्हणून अपडेटचा पहिला टप्पा मध्येच तुटतो. आणि रोज एकवीस-बावीस तास वीज पूर्ण बंद, म्हणून तेवढा वेळ घड्याळाचा भार त्या इवल्या सेलवर. तो लवकर संपणारच.

सेल बदलायला दुरुस्तीवाला लागणार नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल, घराजवळच्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो. कॅबिनेटची वायर भिंतीतून काढा. वायर काढल्यावर कॅबिनेटचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज जाते. कॅबिनेटचं डावीकडचं झाकण उघडा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोटं लावा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. सेलच्या कडेला छोटी पत्र्याची जीभ असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण असलेली बाजू वर.

एरवी सेल काढला की बायोसची मांडणी मूळ पदावर जाते आणि कधी कधी विंडोज सुरूच होत नाही, म्हणून लोक घाबरतात. तुमच्याकडे ती रोज रात्री मूळ पदावर जातच होती आणि तरी मशीन चालत होतं. तेव्हा निर्धास्त राहा.

---

नळस्टॉप | १९ जुलै, रात्री १०.४८

सेल झाल्यावर अपडेट असं लावा. तारीख बरोबर आहे याची खात्री करा. अपडेट तयार झालं की ‘अपडेट अँड शट डाऊन’ नको, ‘अपडेट अँड रिस्टार्ट’ निवडा. दोन्ही टप्पे एका बैठकीत, तुमच्या डोळ्यांसमोर होतील. टक्के एका आकड्यावर वीस मिनिटं थांबले तरी हात लावू नका. जूनचं फसलं म्हणून ते वेगळं शोधत बसू नका. क्युम्युलेटिव्ह म्हणजे मागचं सगळं पोटात घेऊन आलेलं, जुलैचं लागलं की जूनचं त्यात आलं.

आणि बाबांना सांगा, रोजचं काम संपल्यावर साधं ‘शट डाऊन’ करायला हरकत नाही, पण आठवड्यातून एकदा ‘रिस्टार्ट’ करा. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाऊनमध्ये विंडोज पुरतं मिटत नाही, गाभ्याचा भाग डिस्कवर तसाच ठेवून झोपतं. रिस्टार्टमध्ये ते खरोखर नव्याने उठतं.

---

दुपारचा_चहा | २० जुलै, सकाळी ७.४०

विजेबद्दल बाबांचं म्हणणं बरोबर आहे, ते सोडायला सांगू नका. फक्त क्रम बदलायचा. पडदा काळा झाला, पंखा थांबला आणि कॅबिनेटवरचा छोटा दिवा विझला, की मगच भिंतीवरचं बटण. गडगडाट चालू असेल तर नुसतं बटण पुरत नाही, प्लग उपसून ठेवायचा आणि कॉम्प्युटरला येणारी इंटरनेटची वायरही काढायची. मॉडेम जळला तो बहुधा त्या वायरीतून आलेल्या झटक्यानेच.

जमलं तर एक छोटा यूपीएस घ्या. ६०० व्हीएचा असला तरी काम सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. त्याची बॅटरी मात्र दोन-तीन वर्षांनी तपासायला हवी.

---

खडकवासला | २० जुलै, सकाळी ११.१५

अपडेट मार्गी लागणं आत्ता आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. मशीन त्यानंतरही चालेल, पण सुरक्षेची अपडेट थांबतील. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, तुमचा सहाव्या पिढीचा त्यात बसत नाही.

घरगुती वापरासाठी एक वर्षाची मुदतवाढ जाहीर झालीय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मशीनची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवायला परवानगी दिली तर पैसे पडत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. त्याची अट २२एच२ आवृत्ती आणि ताजी अपडेट लागलेली असणं. दर महिन्याचं अपडेट मागे फिरणाऱ्या मशीनला तो दरवाजा बंदच राहिला असता.

त्या वर्षभरात जुन्या फॉन्टमधल्या फाईली युनिकोडमध्ये आणून घ्या. नवं मशीन घ्या नाहीतर लिनक्सवर जा, युनिकोडमधला मजकूर कुठेही वाचता येतो. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात, तिथे बाबांसारखा वाचणारा हवा. आणि पेन ड्राइव्हवरची एक प्रत पुरेशी नाही. एक बाहेरच्या डिस्कवर, एक तुमच्या घरी.

---

मठ्ठा_जिलबी | २० जुलै, दुपारी १२.३०

सगळा धागा वाचला. आज दुकान बंद असतं, आत्ताच जाऊन बिलिंगच्या मशीनवरची सर्व्हिस पुन्हा चालू केली. दोन वर्षांची अपडेट रांगेत उभी आहेत. नळस्टॉप, तुम्ही बोललात ते बरं केलंत.

---

सदाशिवपेठी_लेक | २० जुलै, रात्री ९.१०

झालं!

सकाळी सेल आणला, ४० रुपये. बाबांनी टॉर्च धरला, मी झाकण उघडलं. आत नऊ वर्षांची धूळ होती, ती आधी रंगाच्या मऊ ब्रशने काढली. जुना सेल खरंच उडी मारून वर आला आणि मदरबोर्डावरून घरंगळून खाली गेला, बाबांनीच तो शोधला. नवा बसवला. चालू केल्यावर काळा पडदा एकदा आला, आम्ही त्यात तारीख लावून सेव्ह केली. मग बाबा म्हणाले, आता परीक्षा घेऊ. बोर्डावरचं बटण बंद करून आम्ही जेवायला बसलो. दोन तासांनी चालू केलं तर एफ१ नाही, तारीख २० जुलै, वेळ मिनिटाला बरोबर.

तीन वाजता ‘अपडेट अँड रिस्टार्ट’. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले, मॉनिटर चालू. ३० टक्क्यांवर सोळा मिनिटं थांबलं तेव्हा त्यांचा हात दोनदा स्पाइक बस्टरकडे गेला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो मागे घेतला. मशीन एकदा रिस्टार्ट झालं, मग दुसऱ्यांदा. चारला दहा कमी असताना डेस्कटॉप आला. हिस्टरीत सगळ्यात वर ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’, तारीख २०-०७-२०२५.

बाबांनी ती ओळ मोठ्याने वाचली. मग पुढे काही न बोलता अर्धवट राहिलेलं गहाणखत उघडलं.

तिसरा_मजला ताई, तुम्ही विचारलं नसतंत तर मी अजून कमांड चालवत बसले असते. नळस्टॉप, खडकवासला, दुपारचा_चहा, सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी विचारलंय की तुमच्यापैकी कोणाच्या घरी मोडीतले कागद असतील तर ते वाचून देतील, फोटो व्यक्तिगत निरोपाने पाठवा.

---

तिसरा_मजला | २० जुलै, रात्री ९.३५

ताई, आमच्या सासरी एका लाल बासनात कागद आहेत, कोणालाच वाचता येत नाहीत. उद्या फोटो काढून पाठवते.

---

सदाशिवपेठी_लेक | १३ ऑगस्ट २०२५, रात्री ८.२०

धागा वर काढतेय, कारण काल दुसरा मंगळवार होता.

मी मुद्दाम गेले नाही, फोनही केला नाही. आत्ता बाबांचाच फोन आला. ‘२०२५-०८’ आलं, त्यांनी एकट्याने रिस्टार्ट केलं, पाऊण तास पेपर वाचत बसले, लागलं. तिसरा_मजला ताईंच्या बासनातलं पहिलं पान वाचून झालंय, शके १७६१ चा कागद आहे आणि त्यात विहिरीच्या पाण्याच्या वाटणीचा करार आहे असं सांगायला लावलंय.

मॉनिटरच्या कडेला त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीय, भावाने फोटो पाठवला. एका ओळीत देवनागरीत आणि खाली तेच मोडीत: ‘आधी दिवा विझू द्यावा, मग बटण.’